‘प्लॉट’ म्हणजे कथानक नव्हे

मराठी समीक्षेत ‘प्लॉट’ हा शब्द अवतरणचिन्हांत ठेवूनच वापरण्याची रीत आहे. कथा-कादंबरीच्या घटकांचा विचार करणाऱ्या पाठ्यग्रंथांत तो ‘कथानक’ किंवा ‘संविधानक’ या संज्ञेपाठोपाठ एकदा येतो आणि मग पुन्हा फिरकत नाही. पाहुण्याची ओळख करून घ्यावी आणि त्याला ओसरीवरूनच निरोप द्यावा, तसा हा व्यवहार. हाच शब्द रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात गेली साडेतीन दशके माजघरापर्यंत पोचलेला आहे. सोयरीक जुळवताना तो निघतो, भावाभावांच्या वाटणीत निघतो, बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याच्या घाईमागे तोच असतो, आणि तेराव्याचे जेवण उरकल्यावर मंडळी ज्या विषयाकडे वळतात तोही बहुधा हाच. या दोन वापरांचा परस्परांशी काही संबंध असावा, असे आपल्या समीक्षेला आजवर वाटलेले नाही. प्रस्तुत लेख या न वाटण्याच्या विरोधात लिहिला आहे.

उरणच्या बोलण्यातला प्लॉट आणि साहित्यशास्त्रातला प्लॉट हे योगायोगाने सारखे उच्चारले जाणारे दोन शब्द आहेत, असे मानणे सोयीचे असले तरी चुकीचे आहे. शब्द एकच आहे. त्याचे ‘कथानक’ असे भाषांतर करताना आपण त्यातली जमीन काढून टाकली. जमिनीबरोबर तिच्यावरचा मोजणीदार गेला, नकाशा गेला, आणि नकाशा काढणारा कोण व ज्याच्या जमिनीचा नकाशा निघाला तो कोण, हा प्रश्नही गेला. उरले ते लेखकाच्या कौशल्याचे कौतुक. कथात्म साहित्याच्या आपल्या विचारात रचनेमागील सत्तेचा प्रश्न इतका क्षीण का आहे, याची जी अनेक कारणे असतील त्यांपैकी एक या भाषांतरात आहे, असे माझे म्हणणे आहे.

प्रथम इंग्रजीकडे पाहू. ‘प्लॉट’चा आद्य अर्थ जमिनीचा लहानसा तुकडा, एवढाच आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये जमीनमोजणीचे शास्त्र बळावले, सामाईक कुरणांना कुंपणे पडत गेली, जमीनदार आपापल्या मिळकतींचे नकाशे करवून घेऊ लागले. त्या काळात तुकड्यावरून तुकड्याचा आराखडा, आराखड्यावरून बेत आणि बेतावरून कारस्थान असा हा शब्द पसरत गेला. शेवटच्या अर्थाला फ्रेंच ‘कॉम्प्लॉ’ या शब्दाच्या शेजाराने बळ मिळाले असे कोशकार मानतात. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा जो बेत फसला, तो इंग्रजी इतिहासात ‘गनपाउडर प्लॉट’ म्हणूनच ओळखला जातो. याच सुमारास लंडनच्या नाटकघरांत पडद्यामागे खुंटीला एक कागद टांगलेला असे. कोणत्या नटाने कोणत्या प्रवेशात, कोणती वस्तू हाती घेऊन रंगमंचावर जायचे, एवढेच त्यावर लिहिलेले असे. त्या कागदालाही प्लॉटच म्हणत, आणि असे काही मोजके कागद अजून शिल्लक आहेत. गोष्टीची रचना हा आपल्या ओळखीचा अर्थ या सगळ्याच्या नंतर स्थिरावला. म्हणजे नटाच्या दृष्टीने पाहिले तर प्लॉट हा दुसऱ्याने लिहून भिंतीवर टांगलेला हुकूम होता. नटाचे नाव त्यावर असे, पण तो त्याने लिहिलेला नसे. सिडकोच्या कार्यालयात सोडतीचा निकाल पाहायला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

या अर्थांचा परस्परसंबंध पाश्चात्त्य समीक्षेने अजिबात पाहिलेला नाही, असे नाही. पीटर ब्रुक्स यांनी ‘रीडिंग फॉर द प्लॉट’ या ग्रंथात कोशातले चारही अर्थ (जमीन, आराखडा, कथारचना, कट) एकत्र मांडले आणि सीमा आखणे हा त्यांतला समान धागा आहे, हे दाखवले. मात्र पुढे त्यांचे विवेचन फ्रॉइडच्या वाटेने वाचकाच्या इच्छेकडे वळते आणि जमिनीचा अर्थ प्रस्तावनेपुरताच राहतो. हा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, १६ आणि १७ जानेवारीला, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. या दोन घटना शेजारी ठेवणे काहींना ओढाताण वाटेल. मला ती वाटत नाही, कारण ‘प्लॉट’ हा शब्द उरणच्या मराठीत ज्या अर्थाने घट्ट रुजला, तो त्या दोन दिवसांतून आलेला आहे.

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक असेल, तरी मांडायला हवा. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. मुंबईला जोडशहर म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवण्यात आली. न्हावा-शेवा बंदरासाठी वेगळी जमीन गेली; ते बंदर १९८९ साली सुरू झाले. जासईच्या लढ्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ खातेदाराला परत देण्याचे तत्त्व शासनाला मान्य करावे लागले. १९९० च्या शासननिर्णयाने ते नवी मुंबईत लागू झाले आणि १९९४ मध्ये त्यात सुधारणा झाली. या साडेबारा टक्क्यांतून सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होतात, म्हणजे हाती पावणेनऊ. एकराचा हिशेब केला तर चाळीस गुंठ्यांमागे साडेतीन गुंठे. या साडेतीन गुंठ्यांना उरणमध्ये ‘प्लॉट’ म्हणतात. दुसरा शब्द कोणी वापरत नाही. म्हाताऱ्या बायका त्याचा ‘पलाट’ करतात आणि कोणाचेही काही अडत नाही.

आता या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे पाहा, कारण शब्दाचा अर्थ कोशापेक्षा त्याच्या सोबतीत अधिक कळतो. शेत कसतात, नांगरतात, लावतात, राखतात. ते पडीक राहिले तर तो कसणाऱ्याचा दोष. प्लॉट पडतो, निघतो, लागतो, अडकतो, फुटतो. ‘आम्ही खार कसतो’ या वाक्यात बोलणारा कर्ता आहे. ‘आम्हांला प्लॉट पडला’ या वाक्यात कर्ता प्लॉट आहे आणि बोलणारा चतुर्थीत जाऊन बसला आहे. मराठीत चतुर्थीतला माणूस म्हणजे ज्याला ताप येतो, भूक लागते, स्वप्न पडते, बक्षीस लागते असा माणूस. त्याच्या बाबतीत काहीतरी घडते, तो ते घडवत नाही. एका पिढीच्या अवधीत, त्याच माणसाच्या तोंडी, त्याच जमिनीविषयी बोलताना कर्ता बदलावा, ही भाषेतली लहान गोष्ट नव्हे. भाषावैज्ञानिकांनी उरणचे असे संभाषण टिपून घेतले असते तर विस्थापनावरचे कित्येक अहवाल लिहायची गरज पडली नसती. माणूस कर्ता म्हणून परत येतो तो फक्त एका ठिकाणी: ‘काकाने प्लॉट खाल्ला.’

पदव्युत्तर वर्गात फॉर्स्टरचा कादंबरीविचार शिकवताना राजा-राणीच्या मृत्यूचे सुप्रसिद्ध उदाहरण देऊन मी ‘प्लॉट’ हा शब्द फळ्यावर लिहिला, तेव्हा मागच्या बाकावरून एका विद्यार्थ्याने ‘किती टक्क्यांचा, सर?’ असे विचारले. वर्ग हसला. मीही हसलो, पण तासानंतर तो प्रश्न मला विनोद वाटेना. फॉर्स्टरने १९२७ साली गोष्ट आणि प्लॉट यांत भेद केला तो कार्यकारणाच्या निकषावर: घटना एकीपुढे एक आल्या की गोष्ट, एकीमुळे दुसरी आली की प्लॉट. या ‘मुळे’चा मालक कोण, हे त्याने विचारले नाही, ते लेखकाचे क्षेत्र आहे हे गृहीत धरले. साडेबारा टक्क्यांच्या फायलीत मात्र हा ‘मुळे’ उघडा पडतो. संपादनाचा निवाडा झाला म्हणून पात्रता, पात्रता ठरली म्हणून वारस दाखला, दाखला मिळाला म्हणून सोडत, सोडत झाली म्हणून करारनामा. या साखळीत ज्यांना घटना म्हणून स्थान आहे त्या सगळ्या कार्यालयात घडलेल्या आहेत. ज्या वर्षी बांध फुटून खाडीचे पाणी भातात शिरले ते वर्ष, ज्या वर्षी थोरला मुलगा बंदरावर कंत्राटदाराकडे लागला ते वर्ष, आजीने शेवटचा राब भाजला तो उन्हाळा, या साखळीत घटनाच नव्हेत. किती टक्के आयुष्य या रचनेत येते आणि किती वजा होते, असे त्या मुलाने विचारले होते, असे आता मी म्हणेन. निवडीच्या या सत्तेला प्लॉट म्हणतात. कथानक या शब्दात ती ऐकूच येत नाही.

मग आपल्या परंपरेतल्या संज्ञा काय करतात? भरताने नाट्याच्या शरीराला ‘इतिवृत्त’ म्हटले आणि त्याच्या पाच अर्थप्रकृतींत पहिले स्थान ‘बीजा’ला दिले. अवस्थाही पाच: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. बी पेरले जाते, वाढते, फळाला येते. ही शेतीचीच प्रतिमा आहे आणि ती सुंदर आहे. परंतु तीत बी आहे, फळ आहे, शेत कोणाचे हे नाही. (प्राप्त्याशेच्या अवस्थेत वर्षानुवर्षे काढलेले खातेदार उरणमध्ये पुष्कळ भेटतील; नियताप्ती म्हणजे सोडत असे मानले तर भरताला मान्य होणारी फाईल एखादीच निघेल.) जमीन गृहीत धरणारी ही प्रतिमा मराठी समीक्षेला इंग्रजी ‘प्लॉट’पेक्षा जवळची वाटली यात नवल नाही. ‘कथानक’ म्हणताना आपल्या मनात बीजातून उमलणारे काहीतरी असते. तुकडे पाडणे, क्रमांक देणे, वाटप करणे या क्रिया त्या शब्दाच्या आसपास फिरकत नाहीत.

या गोडव्याचा परिणाम पुढच्या सगळ्या वादांवर झाला. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये (१९३१) कथानकाची गुंफण हे शिकता येण्यासारखे तंत्र म्हणून मांडले. नवकथेच्या पिढीने हे तंत्र कृत्रिम ठरवून झुगारले आणि कथानकाऐवजी अनुभवाच्या आकाराला महत्त्व दिले. त्याला मर्ढेकरांच्या लयविचाराचा सैद्धांतिक आधारही मिळाला. या वादाच्या दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली दिसते. कथानक असो वा नसो, ते लेखकाच्या टेबलावर तयार होते किंवा टाकून दिले जाते, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नाही. लेखकाने हात घालण्यापूर्वीच त्याच्या पात्रांच्या आयुष्यावर दुसऱ्या कोणीतरी एक प्लॉट आखलेला असतो आणि लेखक एकतर त्या आखणीला मान देतो किंवा तिच्याशी झगडतो, ही शक्यता फडक्यांनाही सुचली नाही आणि त्यांच्या विरोधकांनाही.

इथे उरणच्या जुन्या शब्दाकडे वळणे भाग आहे, कारण त्याच्याशिवाय नव्याचा अर्थ लागत नाही. तो शब्द ‘खार’. तालुक्याच्या नकाशावर जसखार, सावरखार ही गावांची नावे आजही त्याची साक्ष देतात. भरतीचे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडायचे, मीठ धुऊन निघाले की भात लावायचे, अशी ही समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. खारीचा विशेष असा की ती एकट्याची असूच शकत नाही. माझा बांध फुटला तर शेजाऱ्याचे भात खारवते. उघाडी एकाने बंद ठेवली तर वरच्या सगळ्यांचे शेत कुजते. म्हणून बांधावर सगळ्या गावाने खपण्याची रीत होती, आणि शासनालाही १९४८ आणि १९७९ साली खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदे करावे लागले. खारीला हद्द होती, पण ती हद्द शेजाऱ्याशी जोडणारी होती. प्लॉटची व्याख्याच उलट आहे. चारी बाजूंनी तोडता येणे, तोडल्यावर आतल्या वस्तूचे मोल न बदलणे, कोणालाही हस्तांतरित करता येणे, हे प्लॉटचे प्लॉटपण. एका गावची खार गेलेल्या माणसाला दुसऱ्याच गावच्या हद्दीत प्लॉट मिळू शकतो आणि त्यात कागदोपत्री कोणतीही विसंगती नसते.

कागदाची गोष्ट निघाली आहे तर तीही सांगावी. सातबारा हा दोन नमुन्यांचा जोड आहे. गावनमुना सात सांगतो जमीन कोणाच्या नावे आहे. गावनमुना बारा सांगतो तिच्यात त्या वर्षी काय पिकले. हक्क आणि पीक एकाच पानावर. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटला बारा नंबरचा नमुना असण्याचे कारणच नाही. तिथे पिकत काही नाही. आणि सातही जुन्या अर्थाने राहत नाही, कारण प्लॉट मिळतो तो भाडेपट्ट्याने, साठ वर्षांच्या. इतिहास जरा मागे नेला तर या साठ वर्षांचा अर्थ उमगतो. याच जुन्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरी येथे, १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि जमिनी ओस टाकून तो कित्येक वर्षे चालवला. मुळाशी होता खोताला द्यावा लागणारा खंड. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला मालक मानले. उरण-पनवेलच्या अनेक घरांत जमिनीवर मालक म्हणून नाव लागले ते तेव्हा. आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत ती जमीन संपादित होऊन तिच्या बदल्यात पट्टा हाती आला. मालकी एक पिढीसुद्धा पुरी टिकली नाही. खंडकरी होते ते पट्टेदार झाले.

म्हणूनच ‘प्लॉट’ऐवजी ‘भूखंड’ म्हणा, असा जो आग्रह शुद्धिवादी मंडळी धरतात त्यात एक क्रूर विनोद दडलेला आहे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीपासून ही परंपरा चालत आलेली आहे. माधव ज्यूलियन यांनीही त्या बाजूने ग्रंथ लिहिला. तिच्यामागची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. परकीय सत्तेची भाषा आपल्या व्यवहाराच्या मोक्याच्या जागा बळकावत असताना त्या जागा आपल्या शब्दांनी राखाव्यात, हे म्हणणे आदरणीय आहे, आणि महापौर, दिग्दर्शक यांसारखे शब्द मराठीला त्या आग्रहातूनच मिळाले. पण मोक्याची जागा कोणती, हे शब्द घडवणाऱ्याने पाहिले पाहिजे. ‘भूखंड’ या शब्दात जो खंड आहे तो भाषाशुद्धी करणाऱ्याच्या कानाला ‘तुकडा’ एवढाच ऐकू येतो. कुळाच्या नातवाला तो कसा ऐकू येईल? शिवाय हा शब्द सरकारी जाहिरातीतला, निविदेतला, वर्तमानपत्रातला. १९९० च्या दशकात ‘भूखंडाचे श्रीखंड’ ही कोटी महाराष्ट्रात घरोघर पोचली आणि ‘भूखंड’ला आपोआप तो तिसरा, कारस्थानाचा अर्थ चिकटला, जो इंग्रजी प्लॉटला सोळाव्या शतकात चिकटला होता. अर्थाचे तर्कशास्त्र भाषेच्या सीमा पाळत नाही, हे यावरून दिसावे. तरीही उरणचा माणूस स्वतःच्या साडेतीन गुंठ्यांना भूखंड म्हणत नाही. भूखंड मंत्र्यांचे असतात, बिल्डरांचे असतात. आपला तो प्लॉट. इंग्रजी शब्द घरचा झाला आहे आणि संस्कृत शब्द कचेरीचा; आपल्या शुद्धिवादाला हा उलटा संसार अजून दिसलेला नाही.

देशीवादी समीक्षकांकडून अधिक अपेक्षा होती. देशीयतेचा विचार मराठीत जोमदारपणे मांडला गेला आणि त्याने नागर, पुस्तकी मापदंडांना धक्का दिला, हे ऋण मान्यच आहे. परंतु त्या विचाराच्या सावलीत वाढलेल्या पुष्कळ लेखनात, विशेषतः ग्रामीण साहित्यावरच्या प्रबंधांत, ‘माती’ नावाची एक वस्तू तयार झाली आहे. ती काळी असते, आई असते, तिच्याशी नाळ जोडलेली असते. तिला गट नंबर नसतो, पोटहिस्सा नसतो, तिच्यावर फेरफाराची नोंद नसते. अशा मातीवर प्रेम करायला काही लागत नाही. उरणचा शेतकरी या मातीविषयी बोलत नाही, तो प्लॉटविषयी बोलतो, म्हणून तो देशी उरला नाही, पैशाच्या मागे लागला, बिघडला, असा निष्कर्ष निघतो. मी हे निष्कर्ष प्रबंधांच्या मौखिक परीक्षांत ऐकले आहेत. ‘ट्रायपार्टी’ हा शब्द उलव्यात आणि द्रोणागिरीत रिक्षावालाही वापरतो: खातेदार, घेणारा आणि सिडको यांचा त्रिपक्षीय करारनामा. ज्या बोलीत असा शब्द पचून जातो ती बोली दुबळी कशी? मालमत्तेच्या आधुनिक कायद्याने तिच्यावर जे लादले त्याला तिने नाव दिले आहे. देशीपणाचा याहून खरा पुरावा मला ठाऊक नाही. (द्रोणागिरी हे नावही लक्षात घ्यावे. हनुमानाने नेलेल्या पर्वताचा एक तुकडा इथे पडला, अशी कथा त्या डोंगराविषयी सांगतात. आज त्याच्या नावाने एक नोड आहे आणि त्यात सेक्टर आहेत.)

यावर एक सरळ आक्षेप येईल: हे सगळे समाजशास्त्र झाले, याने साहित्यकृती वाचण्यात काय फरक पडतो? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कृती वाचूनच द्यायला हवे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घेऊ. या कादंबरीला रूढ अर्थाने कथानक नाही, प्रसंगांची आणि व्यक्तींची मालिका आहे, असे तिच्याविषयी नेहमी म्हटले जाते. कोणी ते वैगुण्य मानतो, कोणी नवेपण. ‘कथानक’ ही संज्ञा हातात असताना याहून वेगळे म्हणता येत नाही. ‘प्लॉट’ ही संज्ञा उरणच्या अर्थाने घेतली तर चित्र बदलते. त्या कादंबरीला अगदी काटेकोर प्लॉट आहे, फक्त तो वाडीचा नाही. औंध संस्थानच्या नेमणुकीने एक तरुण मास्तर वाडीत येतो. दुष्काळात वाडी उठते, शाळा बंद होते आणि मास्तर निघतो. नेमणूक ते शाळा बंद, ही आखणी दरबारची. तिच्या चौकटीत मेंढ्या, भांडणे, तालमीचे बांधकाम, कारभाऱ्याचा मान आणि रुसवा हे सारे चालते, पण त्यांतल्या कशालाही त्या आखणीत घटनेचा दर्जा नाही. माडगूळकरांचे मोठेपण हे की त्यांनी चौकट बारीक ठेवली आणि जे तिच्यात मोजले जात नाही त्याला पाने दिली. कथानक ‘सैल’ आहे असे म्हणणारा समीक्षक नकळत मोजणीदाराच्या जागी उभा राहतो, आणि सैलपणातच सौंदर्य आहे असे म्हणणारा चौकटीकडे पाहायचे टाळतो. दोघांनाही या कादंबरीतली आखणी दिसत नाही. बनगरवाडीत शेवटी माणसे जातात आणि जमीन राहते. उरणमध्ये माणसे राहिली, जमीन गेली. त्या अनुभवाची कादंबरी वाचायची वेळ येईल तेव्हा आपल्या हाती ‘कथानक’ एवढीच संज्ञा असेल तर आपण तिलाही सैल म्हणू, किंवा लोकजीवनाचे दर्शन म्हणून पाठ थोपटू.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो माझ्या मांडणीच्या आतून येतो. प्लॉट हा शब्द उरणचा म्हणून मी त्याचे एवढे कौतुक केले. पण तो सगळ्या उरणचा आहे काय? साडेबारा टक्के मिळतात ते सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. मिठागरात राबणाऱ्या मजुराचे नाव सातबाऱ्यावर नव्हते. डोंगराकडच्या कातकरी वाडीचे बहुधा नव्हते. आणि खाडीचा सातबारा नसतो. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा गावचा कोळीवाडा उठला आणि त्याचे पुनर्वसन उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून झाले. तिथे घरांना जागा मिळाली. ज्या पाण्यात जाळी टाकली जात ते पाणी मोजून परत देण्याची कोणतीही टक्केवारी अस्तित्वात नव्हती. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या भरावामुळे मासेमारी बुडालेल्या १६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला, तेव्हा त्या पाण्याला प्रथमच आकडा लागला. त्या माणसांच्या बोलण्यात ‘प्लॉट’ येतो तो शेजाऱ्याचा म्हणून. उरणच्या मराठीत त्यांना ‘बिनप्लॉटवाले’ म्हणतात, आणि लग्नाच्या बैठकीत तो शब्द कसा उच्चारला जातो हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना ‘कथानकविरहित’ ही आपली निरुपद्रवी संज्ञा यापुढे तितकी निरुपद्रवी वाटू नये. बांध, उघाडी, राब, निवाडा, पात्रता हे शब्द ज्या क्रमाने एका घराच्या इतिहासात येतात तो क्रम लिहून काढणे अजून शक्य आहे. ती पिढी ऐंशीच्या पुढे आहे. खाडीवरच्या घरांसाठी असा क्रमही तयार मिळत नाही, कारण तिथे निवाड्याची तारीख नाही, भरतीची वेळ आहे. ते लेखन कोणत्या संज्ञेने वाचायचे, हे मला अद्याप सांगता येत नाही. ‘कथानक’ या संज्ञेने नाही, एवढे नक्की.